फ्रीलान्स गाइड कसा निवडायचा, आणि निवडल्यावर त्याच्याशी काम कसं करायचं

सकाळचे सव्वाआठ. हॉटेलच्या लॉबीत २६ माणसं टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या भरून तयार, बस दारात उभी, आणि गाइडचा पत्ता नाही. फोन लावला तर पलीकडून एकदम शांत आवाज, "मॅडम, मी आज दुसऱ्या ग्रुपबरोबर आहे, तुम्ही तारीख कन्फर्म कुठे केली होती?" तोंडातून काही बोलणार तेवढ्यात मेल उघडून बघितला तर खरंच, तीन आठवड्यांपूर्वी मीच लिहिलं होतं, तारीख धरून ठेवा, कळवते. आणि कळवलंच नव्हतं.

ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑपरेशन्समध्ये, म्हणजे टूर प्रत्यक्ष पार पाडायच्या कामात, इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की एजन्सीवाले गाइडबद्दल ज्या तक्रारी करतात ना, त्यातल्या बऱ्याचशांचं मूळ आपल्याच टेबलावर असतं. दुसरी गोष्ट म्हणजे चांगल्या फ्रीलान्स गाइडला सीझनमध्ये एकाच तारखेला तीन-चार फोन येतात, आपल्याला वाटतं आपण त्याला निवडतोय पण खरं तर तोही आपल्याला निवडत असतो. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी ठरवा, नेमका कोण हवाय

"गाइड पाहिजे" एवढंच सांगून चालत नाही, कारण या एका शब्दात तीन-चार वेगळी कामं येतात. युरोपमध्ये २००३ च्या ईएन १३८०९ या स्टँडर्डने टुरिस्ट गाइड आणि टूर मॅनेजर यांच्या व्याख्याच वेगळ्या केल्या आहेत. गाइड म्हणजे एखाद्या ठिकाणाचा इतिहास, निसर्ग, संस्कृती पाहुण्यांना त्यांच्या भाषेत उलगडून सांगणारा, ज्याच्याकडे सहसा त्या भागापुरती पात्रता असते. टूर मॅनेजर म्हणजे ग्रुपबरोबर सगळे दिवस राहून ठरलेला कार्यक्रम नीट पार पडतोय ना हे बघणारा. पहिला बोलण्यात तयार, दुसरा निस्तरण्यात. ही दोन्ही कामं उत्तम करणारी माणसं असतात पण कमी असतात, आणि एकाच्या पैशात दोघांचं काम करून घ्यायचं म्हटलं की चेक-इनच्या वेळी गाइड रूमच्या चाव्या वाटत बसतो आणि बाहेर ग्रुप ताटकळतो.

याशिवाय ड्रायव्हर-गाइड, जो दोन-चार जणांच्या प्रायव्हेट टूरला छान चालतो (मोठ्या शहरात नको, पार्किंग शोधेल की माहिती सांगेल). आणि ट्रेक, राफ्टिंग वगैरेसाठीचा लीडर, ही तर पूर्ण वेगळी जमात. तिथे गोष्टी कशा सांगतो हे नंतर, आधी फर्स्ट एडचं ट्रेनिंग, त्याची वैध तारीख, आणि त्या विशिष्ट ॲक्टिव्हिटीचा अनुभव. ॲडव्हेंचर टुरिझमच्या लीडरसाठी आयएसओ २११०२ हे २०२० चं स्टँडर्ड आहे, लीडरकडून कुठली कौशल्यं अपेक्षित आहेत हे बघायला ते कामाला येतं.

लायसन्सचं लफडं

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. काही देशांत लायसन्सशिवाय गाइडिंग करणं हाच गुन्हा, काही ठिकाणी कुणीही करू शकतं, काही ठिकाणी शहरात चालतं पण ठरावीक स्मारकाच्या आत फक्त त्यांनी मान्यता दिलेला गाइड. म्हणजे देशाचा नियम एकदा बघून भागत नाही, कार्यक्रमातली एकेक जागा घेऊन बघावं लागतं. लायसन्सचा फोटो मागवा, त्यावर तीन गोष्टी तपासा: कुठल्या भागासाठी आहे, कुठल्या भाषेसाठी आहे, कधी संपतंय. भाषा लोक हमखास विसरतात. काही ठिकाणी लायसन्स भाषेनुसार असतं आणि दुसऱ्या भाषेत बोलताना पकडलं तर दंड गाइडला, तमाशा ग्रुपसमोर.

जागेचे स्वतःचे नियम वेगळेच. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये आत शांतता पाळायची असते, त्यामुळे गाइड छतावरच्या चित्रांबद्दलचं सगळं बाहेरच सांगून घेतात आणि मग ग्रुप आत नेतात. हे ज्याला माहीत आहे तो त्यासाठी बाहेरची १५-२० मिनिटं हिशोबात धरतो. इंटरव्ह्यूत मी मुद्दाम असाच प्रश्न विचारते, अमुक जागी आत बोलता येतं का, ग्रुप किती जणांचा नेता येतो. उत्तर चटकन आलं तर माणूस तिथे खरंच जातो.

शोधायचं कुठे

गाइडच्या संघटना हा सगळ्यात सरळ रस्ता. वर्ल्ड फेडरेशन ऑफ टुरिस्ट गाइड असोसिएशन्स ही जागतिक संघटना १९८५ पासून आहे, अनेक देशांतल्या संघटना तिच्या सदस्य आहेत, आणि तुम्हाला हव्या त्या भागातल्या संघटनेकडे सहसा भाषेनुसार यादी मिळते. पण यादीत नाव असणं म्हणजे फक्त दारापर्यंत पोचणं.

माझा आवडता मार्ग म्हणजे रिव्ह्यू वाचणं, पण स्टार बघायला नाही. त्या भागातल्या टूर्सचे रिव्ह्यू काढा आणि त्यात गाइडचं नाव किती वेळा आणि कशासाठी येतं ते बघा. "खूप माहिती होती" हे कुणीही लिहितं. "माझ्या आईला चालवत नव्हतं तर त्याने लिफ्टचा रस्ता शोधून काढला", असं वाक्य दिसलं की मी ते नाव वहीत लिहून घेते. आणि दुसरं म्हणजे तुमच्याकडे आधीच असलेल्या चांगल्या गाइडला विचारा की तू आजारी पडलास तर तुझा ग्रुप कुणाच्या हातात देशील? या प्रश्नाला गाइड लोक खोटं उत्तर देत नाहीत, कारण पुढे नाव त्यांचंच जातं.

निवड: ऐकू नका, बघा

फोनवर १५-२० मिनिटं बोला, भाषा आणि स्वभाव कळतो. पण फोनवर गोड बोलणारा माणूस ग्रुपसमोर कसा असेल ते फोनवर कळत नाही. मी एकदा अशाच एका माणसावर भाळले होते, काय बोलायचा, सनावळ्या तोंडपाठ, विनोद पेरलेले. पहिल्याच दिवशी तो पुढच्या पाच जणांशी गप्पा मारत तरातरा पुढे, आणि मागचे वीस जण सिग्नलला अडकलेले. ज्यांना ऐकू आलं त्यांनी पाचपैकी पाच दिले, बाकीच्यांनी रिफंड मागितला.

तेव्हापासून नियम: प्रत्यक्ष टूरवर बघितल्याशिवाय मोठा ग्रुप द्यायचा नाही. त्याच्या एखाद्या चालू टूरवर त्याला सांगून, पैसे भरून जा, किंवा एक हाफ डे फक्त तुमच्यासाठी बुक करा आणि त्याचेही पूर्ण पैसे द्या. फुकट ट्रायल मागू नका, तुमचं काम कसं चालतं याचा पहिला अंदाज तो तिथेच बांधतो. लांब असाल तर त्या भागातल्या ओळखीच्या कुणाला पाठवा, अगदीच नाही तर टूरचा न कापलेला १० मिनिटांचा व्हिडिओ मागवा.

बघायचं काय? बोलायला लागायच्या आधी शेवटचा माणूस येईपर्यंत थांबतो का. थांबतो तेव्हा ऊन कुणाच्या डोळ्यात जातं, कारण चांगला गाइड ऊन स्वतःच्या तोंडावर घेतो आणि ग्रुपची पाठ उन्हाकडे ठेवतो. रस्ता पूर्ण अडवून उभा राहतो की कडेला घेतो. पुढच्या माणसाने हळू आवाजात प्रश्न विचारला तर तो प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल असा परत म्हणून मग उत्तर देतो का, ही सवय असेल तर बाकीचं फारसं बघू नका, माणूस कसलेला आहे. निघताना माणसं मोजतो का, तेही बोटं न नाचवता. आणि एक प्रश्न असा विचारा ज्याचं उत्तर त्याला बहुतेक येणार नाही. "मला माहीत नाही, बघून सांगतो" म्हणाला तर ठीक, तिथल्या तिथे गोष्ट रचून सांगितली तर सोडून द्या.

अजून एक छोटी परीक्षा. त्याने एका जागी जे १० मिनिटं सांगितलं तेच मला ३ मिनिटांत सांग म्हणायचं, आणि मग १० वर्षांच्या मुलांना सांगतोयस असं समजून सांग. पाठांतरवाला इथे अडकतोच, कारण त्याची टेप मधूनच कापता येत नाही. ग्रुप उशिरा पोचलाय आणि अर्ध्या तासाचं काम १० मिनिटांत उरकायचंय, हे तर रोजचंच आहे.

भाषेचं म्हणाल तर सर्टिफिकेटवर जाऊ नका. ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्या माणसाशी त्याला ५ मिनिटं फोनवर बोलायला लावा, आणि गप्पा नाही, तर "माझी पर्स हरवली, आता काय करू" असला प्रसंग द्या. राजे-राण्यांबद्दल बोलणं पाठ करता येतं, गोंधळातलं बोलणं नाही.

पैशाचं बोलणं, सगळं आधी आणि सगळं लिहून

या भागात एजन्सीवाले लाजतात आणि नंतर भांडतात. फी किती हे तर ठरवतोच आपण, पण फीमध्ये काय काय येतं ते अर्धवट राहतं. हाफ डे म्हणजे किती तास, आणि ते तास हॉटेलपासून मोजायचे की पहिल्या स्पॉटपासून? ओव्हरटाइम कितव्या मिनिटापासून? फ्लाइट लेट झाली तर वेटिंग कुणाचं? ग्रुप शेवटी दुसऱ्या गावात सोडला तर गाइडच्या परतीच्या प्रवासाचं काय? त्याचं जेवण, त्याचं एंट्री तिकीट? ग्रुप १५ चा ४० झाला तर फी तीच? या सगळ्यांची उत्तरं एका पानात मावतात, ते पान एकदा बनवा आणि दर सीझनला तारीख बदलून पाठवा.

कॅन्सलेशनही त्याच पानावर. आकडा दोघांनी बसून ठरवा पण पायऱ्या असाव्यात, म्हणजे महिनाभर आधी रद्द केलं तर काही नाही, आठवड्याच्या आत आलं तर ५० टक्के, आदल्या दिवशी तर पूर्ण. फ्रीलान्सरने तुमच्यासाठी ती तारीख दुसऱ्याला नाकारलेली असते हे विसरायचं नाही. उलट बाजूही लिहा, त्याने ऐनवेळी नाही म्हटलं तर तेवढ्याच तोडीचा दुसरा गाइड आणून देणं त्याच्याकडे.

पेमेंट. यावर मी जरा जास्त बोलते. बऱ्याच एजन्सी पाहुण्यांकडून पूर्ण पैसे टूरच्या आधी घेतात आणि गाइडला ४५-६० दिवसांनी देतात, आणि वर म्हणतात चांगले गाइड मिळत नाहीत. गाइडच्या आपापसात गप्पा होतात, कोण कधी पैसे देतं हे सगळ्या गावाला माहीत असतं. टूर संपल्यापासून ७ दिवसांत पैसे ही एकच सवय लावली तर फी थोडी कमी असूनही माणसं तुमची तारीख आधी घेतात, हे मी दोन्ही प्रकारच्या ऑफिसांत बसून बघितलंय.

आणि कमिशन. गाइड ग्रुपला दुकानात नेतो, दुकानदार त्याला टक्का देतो, ही पद्धत जगभर आहे, डोळे झाकून उपयोग नाही. माझं मत, फी इतकी द्या की त्याला दुकानाची गरज पडू नये आणि मग करारात सरळ लिहा की कार्यक्रमात नसलेलं दुकान नाही. फी पाडून घ्यायची आणि वर शॉपिंग नको म्हणायचं, हे नाही चालत. टिपचंही पाहुण्यांना आधीच सांगून टाका, ती फीमध्ये धरलीय की त्यांच्या मर्जीवर, म्हणजे शेवटच्या दिवशी बसमध्ये कुजबुज होत नाही.

करारात अजून दोन-तीन गोष्टी. तुमच्या टूरवर असताना स्वतःची कार्डं वाटायची नाहीत. लायबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे टूरवर कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, कुणाचा, त्याचा की तुमचा. आणि एक गोष्ट एजन्सीने स्वतःसाठी वाचायची: फ्रीलान्सर फ्रीलान्सरच राहिला पाहिजे. दुसऱ्या कुणाचं काम करायचं नाही, रोज अमुक वाजता हजर व्हायचं, सुट्टी विचारून घ्यायची, असल्या अटी घातल्या तर पुष्कळ देशांचे कायदे त्याला तुमचा कर्मचारी धरू शकतात, मग मागचा सगळा हिशोब निघतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या एबी-५ कायद्याने तर माणूस कर्मचारी नाही हे सिद्ध करायची जबाबदारीच काम देणाऱ्यावर टाकली. तुमच्याकडचा नियम वकिलाला एकदा विचारून घ्या.

उलट, गाइड फ्रीलान्स आहे म्हणून त्याची चूक आपल्यावर येत नाही, असंही समजू नका. युरोपियन युनियनच्या २०१५/२३०२ या पॅकेज ट्रॅव्हल डायरेक्टिव्हनुसार, पॅकेजमधली सेवा कुणीही दिलेली असो, पाहुण्याला उत्तर द्यायची जबाबदारी पॅकेज विकणाऱ्या ऑर्गनायझरची. तसा कायदा नसला तरी पाहुणा पैसे तुम्हालाच देतो आणि शिव्याही तुम्हालाच.

होल्ड आणि कन्फर्म

सुरुवातीची लॉबी आठवा. आता आमच्याकडे तीनच शब्द आहेत: विचारणा, होल्ड, कन्फर्म. विचारणा म्हणजे नुसतं रिकामा आहेस का. होल्ड म्हणजे तारीख धर, पण प्रत्येक होल्डला शेवटची तारीख असते आणि ती उलटली की गाइड मोकळा, त्याने आपल्याला विचारायचीही गरज नाही. मध्येच दुसऱ्याचं पक्कं काम आलं तर तो फोन करतो, "तारीख सोडू का?", आणि आपण २४ तासांत हो किंवा नाही सांगायचं. कन्फर्म म्हणजे लेखी, आणि तिथून कॅन्सलेशनच्या पायऱ्या सुरू. पाच गाइडना एकाच तारखेला होल्डवर ठेवून नंतर चौघांना न कळवणं हे सर्रास चालतं. पुढच्या वर्षी ते चौघं फोन उचलत नाहीत.

जॉब शीट

गाइडला टूरच्या किमान तीन-चार दिवस आधी एक शीट जायला हवी, व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत नाही, एकच फाइल, वर व्हर्जनची तारीख. त्यात पिकअपची नेमकी जागा (हॉटेलला दोन दरवाजे असतात आणि बस नेहमी दुसऱ्यावर लागते), ग्रुपमधला संपर्काचा माणूस, ड्रायव्हरचा नंबर, तिकिटं कुणाकडे आणि कुठल्या वेळेची, जेवणाचं बुकिंग, आणि ग्रुपला विकलेला कार्यक्रम जसाच्या तसा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सेल्सवाल्याने ब्रोशरमध्ये "सूर्यास्त बोटीवरून" लिहिलेलं असतं आणि गाइडला ते तिथे पहिल्यांदा पाहुण्याकडून कळतं, मग त्याच्या तोंडावरचा भाव बघूनच पाहुण्याला कळतं की काहीतरी गडबड आहे.

ग्रुपबद्दल दोन ओळी लिहा: वयं, किती चालू शकतात, आधी काय बघून आलेत, कशात रस आहे. आदल्या दिवशी दुसऱ्या गाइडने तेच युद्ध सांगितलं असेल तर याला कळायला हवं. कुणाची तब्येत, ॲलर्जी हे कामापुरतंच आणि त्या माणसाला विचारून सांगा, पूर्ण मेडिकल फॉर्म फॉरवर्ड करायचा नाही. जीडीपीआर या युरोपियन युनियनच्या खासगी माहितीच्या कायद्यात आरोग्याची माहिती खास संरक्षणाच्या वर्गात येते, पण कायदा बाजूला ठेवला तरी कुणाच्या गोळ्यांची यादी दहा फोनमध्ये फिरावी असं कुणालाच वाटत नाही.

वेळापत्रक बनवताना माणसं धरा. ३० जणांचा ग्रुप, टॉयलेट तीन, एकाला दोन मिनिटं, झाली की नाही २० मिनिटं? ऑफिसात बसून तिथे आपण ५ लिहितो. गाइडने शीट बघून सांगितलं की यात एक जागा जास्त आहे, तर ऐका, तो रस्ता त्याने शंभरदा चालून काढलाय.

टूरच्या दिवशी

आदल्या संध्याकाळी गाइडचा "पोचतोय" असा मेसेज यायलाच हवा, नाही आला तर तुम्ही फोन करा, झोपायच्या आधी. त्याला एक इमर्जन्सी नंबर द्या जो खरंच उचलला जातो, रविवारीसुद्धा. आणि त्याला थोडा अधिकार द्या: एवढ्या रकमेपर्यंतचा खर्च, टॅक्सी असो, औषध असो, जादा तिकीट असो, न विचारता करायचा, पावती आणायची. पाऊस आला म्हणून क्रम बदलणं हे त्याने ठरवायचं. एखादी जागा पूर्ण गाळायची असेल तर मात्र आधी फोन, कारण ती विकलेली आहे.

मोठ्या ग्रुपला ऑडिओ सेट देत असाल, म्हणजे गाइडच्या गळ्यात माइक आणि प्रत्येकाच्या कानात रिसीव्हर, तर ते चार्ज करून कोण आणणार, दोन-तीन जादा ठेवलेत का, आणि परत मोजून कोण घेणार हे आधी ठरवा. पाहुणे गळ्यात अडकवून तसेच एअरपोर्टला जातात. नेहमी जातात.

टूर झाल्यावर

गाइडकडून दोन दिवसांत छोटा रिपोर्ट घ्या, पाच ओळींचा: काय बदललं, काय खर्च झाला, कोण नाराज होतं, बस कशी होती. पाहुण्याच्या तक्रारीआधी गाइडचा रिपोर्ट हातात असला तर तुम्ही शांतपणे उत्तर देता. तक्रार आलीच तर आधी गाइडला विचारा, मग माफी मागा. न विचारता रिफंड देऊन तो गाइडच्या फीमधून कापणारी ऑफिसं असतात, अशा एका ऑफिसात मी काम केलंय, वर्षभरात तिथली यादी रिकामी झाली.

कौतुक आलं तर तेही जसंच्या तसं पाठवा, त्याला दोन मिनिटं लागतात.

आणि एकाच माणसावर राहू नका. एका भागाला, एका भाषेला निदान तीन नावं, आणि तिघांनाही वर्षात थोडं थोडं काम, नाहीतर तिसरं नाव नुसतं कागदावर. आमच्या यादीत एक नंबर होता, बॅकअप म्हणून चार वर्षं जपलेला, कधी लावलाच नव्हता. गरज पडली तेव्हा लावला तर त्या बाईंनी गाइडिंग सोडून दोन वर्षं झाली होती. आता सीझन सुरू व्हायच्या महिनाभर आधी मी यादीतल्या प्रत्येकाला फोन करते, लायसन्स चालू आहे का, फी तीच आहे का, कुठल्या तारखा आधीच गेल्यात, आणि आपल्याकडच्या पक्क्या तारखा तिथेच देऊन टाकते.